वचन कोणाच्या तोंडचं? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही ‘प्राचीन रोमन माणसांचं शहाणपण’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली सहा निवडली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये, काहींना मी स्वतंत्रपणे उत्तर लिहिते आहे.

उत्तरांआधी माझी एक सवय सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तीस वर्षं मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला रोमन कायदा शिकवला. त्या काळात एक जाड वही केली होती, ती अजून जवळ आहे. डाव्या पानावर वचन, आणि उजव्या पानावर ते कोण बोललं, कोणाला, कधी, आणि बोलताना त्या माणसाचं काय पणाला लागलं होतं. उजवं पान कोरं असेल, तर ते वचन मी वर्गात कधी सांगितलं नाही. आजही तुमच्या प्रश्नांना मी उजव्या पानावरूनच उत्तर देणार आहे.

प्रश्न : बाई, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेत मी ‘कायद्याची पराकाष्ठा म्हणजे अन्यायाची पराकाष्ठा’ हे सिसेरोचं वचन वापरलं. परीक्षकांनी विचारलं, ज्या लोकांनी जगाला कायदा शिकवला तेच लोक असं कसं म्हणतील? मला काही सुचलं नाही.

उत्तर : आधी दुरुस्ती. वचन सिसेरो या गाजलेल्या रोमन वकिलाच्या आणि वक्त्याच्या ग्रंथात आहे, पण त्याचं नाही. इ.स.पू. 44 मध्ये अथेन्सला शिकत असलेल्या मुलासाठी त्याने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो स्वतःच म्हणतो, की ही म्हण लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झाली आहे. त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी, इ.स.पू. 163 मध्ये, टेरेन्स या रोमन नाटककाराच्या एका नाटकात जवळजवळ हेच वाक्य येतं. आणि कोणाच्या तोंडी? सिरस नावाच्या गुलामाच्या. त्याला म्हाताऱ्या मालकाकडून पैसे उकळायचे आहेत. मालकाला कायद्याने ते देणं लागत नाही. तेव्हा सिरस साळसूदपणे म्हणतो, मालक, कायद्यावर बोट ठेवू नका, कायदा फार ताणला की तोच दुष्टावा होतो म्हणतात ते खोटं नाही! म्हातारा विरघळतो आणि पैसे देतो. तेव्हा हे वाक्य न्यायाच्या बाजूने वापरता येतं तसं लबाडीच्या बाजूनेही वापरता येतं. स्पर्धेत ते फेकताना एवढं ध्यानात असू द्या.

सिसेरोने दिलेलं उदाहरण मात्र चोख आहे. एका सेनापतीने शत्रूशी तीस दिवसांचा तह केला आणि रात्री त्याची शेतं लुटली. का, तर तह ‘दिवसां’चा ठरला होता, रात्रींचा नव्हे.

आता परीक्षकांना द्यायचं उत्तर. मी वर्गात यासाठी लुशियस व्हेरेशियसची गोष्ट सांगायची. ती ऑलस गेलियस या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नोंदवून ठेवली आहे. रोमचा सर्वांत जुना लेखी कायदा म्हणजे इ.स.पू. 451–450 मधला बारा फलकांचा कायदा. सिसेरोच्या लहानपणी मुलं तो परवचा म्हणावा तसा घोकत. त्यात किरकोळ अंगलटीला, म्हणजे हाड वगैरे न मोडणाऱ्या मारहाणीला, 25 आस दंड होता. हा कायदा झाला तेव्हा एक आस म्हणजे अख्खा रतल तांबं. पंचवीस आस हा पाठ वाकवणारा भार होता. पुढे नाणं हलकं होत गेलं, पण कायद्यातला आकडा तोच राहिला.

हे व्हेरेशियसने हेरलं. पैशाला तोटा नाही, आणि स्वभावाने माजोरडा. स्वतंत्र नागरिकांच्या तोंडात सणसणीत चपराक मारायची, हा त्याचा विरंगुळा. मागून त्याचा गुलाम नाण्यांनी भरलेला बटवा घेऊन चाले. ज्याच्या गालावर पाच बोटं उमटली, त्याच्या हातावर तिथल्या तिथे, कायद्याप्रमाणे, पंचवीस आस मोजून ठेवायचे. मला त्या रस्त्यातल्या माणसाचा चेहरा नेहमी दिसतो. एक गाल लाल झालेला, ओंजळीत चिल्लर, आणि तक्रार करायला जागा नाही, कारण कायदा पुरता पाळला गेला आहे.

प्रेटरांनी, म्हणजे न्यायदानाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, यावर काय केलं ते महत्त्वाचं. फलक कोणी फोडले नाहीत. प्रेटर दर वर्षी पदावर येताना आपण कोणत्या दाव्यांना दाद देऊ याचं जाहीर पत्रक काढत असे. त्यात त्यांनी लिहिलं, की अशा अपमानाचं मोल यापुढे पंच ठरवतील, प्रसंग आणि माणूस पाहून. जुना कायदा जागेवर राहिला आणि व्हेरेशियसचा बटवा मात्र निकामी झाला.

वहीच्या त्याच पानावर मी खाली गायस या कायदेपंडिताचं एक वाक्य लिहून ठेवलं आहे. तो दुसऱ्या शतकातला. रोममध्ये उंच इमारतींच्या खिडक्यांतून खाली काहीबाही फेकत, आणि त्यात लोक जखमी होत. गायस म्हणतो, नुकसानभरपाई ठरवताना न्यायाधीशाने वैद्याचा खर्च धरावा, बुडालेली मजुरी धरावी, पण व्रणाची किंवा विद्रूपतेची किंमत करू नये, कारण स्वतंत्र माणसाच्या शरीराची किंमत होत नाही. पंचवीस आसांपासून इथवर यायला रोमला सहा शतकं लागली. ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र नजरेआड करू नका. गुलामाच्या शरीराची किंमत होत होती, बाजारात आणि कोर्टातही. रोमन कायद्याविषयी मला कितीही प्रेम असलं तरी हे मी प्रत्येक वर्गाला सांगितलं आहे.

परीक्षकांना सांगा, घराच्या भिंतीतली ओल रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही, घरात राहणाऱ्याला दिसते. ज्यांचा उठता-बसता कायद्याशी संबंध, त्यांनाच ही म्हण सुचणार.

प्रश्न : ‘मी माणूस आहे; माणसाचं जे जे, ते मला परकं नाही.’ हे वाक्य मी आमच्या संस्थेच्या अहवालावर छापते आहे. मूळ संदर्भ सांगाल का?

उत्तर : योगायोग असा, की हेही टेरेन्सच्या त्याच नाटकातलं आहे. सिरसच्या सापळ्यात सापडलेला क्रेमीस, तोच हे बोलतो. शेजारी मेनेडेमस शेतात स्वतःला मरणाचं राबवून घेतो आहे, कारण त्याच्या कडकपणामुळे मुलगा घर सोडून आशियात शिपाईगिरी करायला गेला. क्रेमीस चौकशीला जातो. शेजारी विचारतो, तुम्हाला स्वतःची कामं नाहीत का, की दुसऱ्याच्या भानगडीत लक्ष घालता? त्यावर हे उत्तर. आणि पुढे सगळं नाटकभर क्रेमीसला शेजाऱ्याच्या मुलाचं दुःख दिसतं, पण आपल्याच घरात आपला मुलगा काय करतो आहे याचा पत्ता नसतो. अहवालावर जरूर छापा, वाक्य थोर आहे. लिहिणारा टेरेन्स स्वतः कार्थेजहून गुलाम म्हणून रोमला आला होता, तेही सोबत छापलंत तर मला जास्त आवडेल.

प्रश्न : आम्ही दोघांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलं. नंतर कळलं, घराचा एक भाग पाडण्याची नोटीस विकणाऱ्याला आधीच मिळाली होती. तो म्हणतो, ‘तुम्ही विचारलं नाहीत, मी खोटं बोललो नाही.’ गप्प बसणं ही फसवणूक नाही का? तुमचे रोमन लोक यावर काय म्हणतील?

उत्तर : तुमच्या व्यवहाराचा सल्ला चांगल्या वकिलाकडून लवकर घ्या, त्याला उशीर नको. रोमन लोकांचं विचारता, तर हुबेहूब तुमच्यासारखा खटला रोममध्ये उभा राहिला होता, आणि खरेदीदार जिंकला होता. तो सांगतेच. पण त्याआधी सिसेरोनेच सांगितलेली दुसरी एक गोष्ट ऐका, कारण फसवणूक किती प्रेमाने होते ते तिच्यात दिसतं.

कॅनियस नावाचा एक रोमन सरदार, सुशिक्षित, बोलण्यात चतुर, विश्रांतीसाठी सिसिलीतल्या सिराक्यूजला गेला. तिथे म्हणत सुटला, एखादी छोटी बागवाडी मिळाली तर घ्यावी, मित्रांना बोलवावं, निवांत राहावं. पिथियस नावाच्या सावकाराच्या हे कानावर गेलं. तो म्हणाला, माझी बाग विकाऊ नाही हो, पण आपलीच समजा, उद्या जेवायलाच या. कॅनियस हो म्हणाला. मग पिथियसने गावातल्या कोळ्यांना बोलावलं. सावकार माणूस, सगळ्यांचं त्याच्याशी काही ना काही देणंघेणं. त्याने सांगितलं, उद्या माझ्या बागेसमोर मासे धरायला या.

दुसऱ्या दिवशी कॅनियस वेळेवर हजर. ताटं भरलेली. समोर पाण्यात होड्यांची गर्दी. एकेक कोळी येतो आणि आपली मासळी पिथियसच्या पायाशी आणून ओततो. कॅनियस थक्क. एवढे मासे? एवढ्या होड्या? पिथियस म्हणतो, त्यात नवल काय, सिराक्यूजचे सगळे मासे इथेच, गोडं पाणी भरायचं तेही इथेच, या वाडीवाचून ह्या लोकांचं चालतच नाही. कॅनियस हट्टालाच पेटला, विका म्हणून. पिथियस आधी आढेवेढे घेतो. शेवटी सांगेल त्या किमतीला, सामानसुमानासकट, सौदा होतो. वहीत रक्कम मांडली जाते.

पुढच्या दिवशी कॅनियस मित्रांना घेऊन जरा लवकरच येतो. पाण्यात एक वल्हंसुद्धा नाही. शेजाऱ्याला विचारतो, आज कोळ्यांचा काही सण आहे का? शेजारी म्हणतो, माझ्या माहितीत तरी नाही. पण इथे कोणी मासे धरत नाही. म्हणून तर काल मला नवल वाटत होतं, हे काय चाललंय!

कॅनियस चिडला. पण करणार काय? सिसेरो लिहितो, की त्याचा स्नेही आणि सहकारी गायस अक्विलियस याने कपटाविरुद्धच्या दाव्याचे मसुदे तेव्हा अजून काढले नव्हते. पिथियस एकही खोटं वाक्य कागदावर बोललेला नव्हता. पुढे अक्विलियसला लोक विचारत, कपट म्हणजे नेमकं काय? तो म्हणे, दाखवायचं एक आणि करायचं दुसरं.

आता तुमचा खटला. टायबेरियस क्लॉडियस सेंटुमॅलसचं सीलियन टेकडीवर घर होतं. कॅपिटोल टेकडीवरून शकुन पाहणाऱ्या ऑगर पुरोहितांना आकाश मोकळं हवं असे. त्यांनी त्याला बजावलं, तुझ्या घराचा उंच भाग आड येतो, तो पाड. क्लॉडियसने पाडलं नाही. घर विकायला काढलं. कॅल्पर्नियस लॅनेरियसने ते घेतलं. ऑगरांनी त्यालाही तेच बजावलं, आणि त्याला तो भाग पाडावा लागला. मग त्याला कळलं, की विक्रीची पाटी लागली ती ऑगरांचा हुकूम आल्यानंतर. त्याने दावा लावला. न्यायाधीश होता मार्कस केटो, सुप्रसिद्ध धाकट्या केटोचा बाप. त्याचा निवाडा एका वाक्यात मावतो : विकताना तुला हे माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस, म्हणून घेणाऱ्याचं नुकसान तू भरून दिलं पाहिजेस.

जुन्या बारा फलकांत फक्त तोंडाने दिलेल्या वचनाची जबाबदारी होती. मौनालाही शिक्षा आहे, हे नंतरच्या कायदेपंडितांनी जोडलं. तुमचा विकणारा जे म्हणतो आहे तेच क्लॉडियसही म्हणाला असेल, असं मला वाटतं. केटोने ते चालू दिलं नाही.

प्रश्न : धाकट्या भावाने वडिलोपार्जित वाटणीत मला डावललं. मी भांडलो नाही, सोडून दिलं. तरी आज तोच माझा तिरस्कार करतो, माझं नाव निघालं तरी उठून जातो. अन्याय माझ्यावर झाला, मग राग त्याला का?

उत्तर : टॅसिटस या रोमन इतिहासकाराने याचं उत्तर लिहून ठेवलं आहे : ज्याला आपण दुखावलं त्याचाच द्वेष करणं, हा माणसाचा स्वभाव आहे. आता उजवं पान.

टॅसिटसचा सासरा अग्रिकोला. ब्रिटनमध्ये सात वर्षं सुभेदार, अनेक लढाया जिंकलेला. सम्राट डोमिशियनला त्याचं यश सलू लागलं. त्याला परत बोलावलं. रोममध्ये स्वागताचा गाजावाजा होऊ नये म्हणून अग्रिकोला रात्री शहरात आला, रात्रीच राजवाड्यावर गेला. सम्राटाने घाईत एक मुका घेतला, शब्दही बोलला नाही. अग्रिकोला दरबारी गर्दीत मिसळून गेला. पुढे आशिया किंवा आफ्रिका प्रांताचं मोठं पद त्याच्या वाट्याला येणार होतं. सम्राटाच्या माणसांनी घरी येऊन आडून आडून सुचवलं, नको म्हणा. त्याने नको म्हणून अर्ज केला. सम्राटाने तो मोठ्या मेहेरबानीने मंजूर केला आणि वर आभारही मानून घेतले. त्या पदाचं नेहमीचं वेतन नाकारणाऱ्यालाही द्यायची चाल होती, तेवढंही दिलं नाही. या जागी टॅसिटस ते वाक्य लिहितो. सूत्र रचायला बसलेल्या माणसाचं ते वाक्य नाही. ज्याच्या स्वतःच्या सासऱ्याला असं गप्प राहावं लागलं, त्याचं आहे.

सेनेका या तत्त्वज्ञानेही रागावरच्या पुस्तकात असंच म्हटलंय, दौलतीने माजलेल्यांचा सर्वांत वाईट गुण हा, की ज्यांना दुखावलं त्यांचाच ते द्वेषही करतात. तो सम्राटांच्या दरबारात वावरला. म्हणजे दोघांनीही हे दुरून पाहिलेलं नाही.

तुमच्या भावाला तुम्ही दिसलात की वाटणीचा तो दिवस दिसतो. तुम्ही भांडला असतात तर त्याला तुमच्यात काही खोट सापडली असती आणि त्याचं मन हलकं झालं असतं. ती सोय तुम्ही त्याला दिली नाहीत. मी तुम्हाला क्षमा करा असंही म्हणत नाही आणि कोर्टात जा असंही नाही. एवढंच म्हणते, की त्याच्या तिरस्कारातून स्वतःची चूक शोधत बसू नका. तुमच्या पत्रात तीन ठिकाणी ‘माझंच काही चुकलं असेल’ असं आहे. ती तीन वाक्यं खोडा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात ‘प्रत्येक जण आपल्या नशिबाचा शिल्पकार असतो’ अशी रोमन वचनाची चौकट लावली आहे. मागच्या महिन्यात माझ्यासह अकरा जणांची नोकरी गेली. सामान आवरताना नजर तिच्यावरच गेली. हे वचन खरं आहे का?

उत्तर : हे वचन ॲपियस क्लॉडियसच्या नावावर आहे. हा माणूस क्लॉडियस घराण्यातला, म्हणजे रोमच्या सर्वांत बड्या खानदानी कुळांपैकी एकातला. इ.स.पू. 312 मध्ये तो सेन्सर, म्हणजे नागरिकांची गणना आणि सार्वजनिक बांधकामं पाहणारा बडा अधिकारी होता, ॲपियन रस्ता आणि शहराचा पहिला जलमार्ग त्याने बांधवले. म्हातारपणी आंधळा झाला, तरी इ.स.पू. 280 मध्ये सिनेटमध्ये स्वतःला उचलून नेववलं आणि रोमशी लढणाऱ्या पिरस या ग्रीक राजाशी तह करू नका म्हणून गर्जला. अशा माणसाने ते म्हणावं, हे मला पटतं. डोळे गेल्यावरही तो कोणाच्या दयेवर बसला नाही. पण हातोडा आणि छिन्नी त्याला पाळण्यातच मिळाली होती, हेही खरं.

आता दुसरा माणूस बघा. पब्लिलियस सिरस, म्हणजे सीरियाचा पब्लिलियस. तो अँटिओकहून गलबतातून गुलाम म्हणून रोमला आला. समुद्रापलीकडून विकायला आणलेल्या गुलामांचे पाय खडूने पांढरे करत, ओळखू यावेत म्हणून. थोरल्या प्लिनीने खडूविषयी लिहिताना ही गोष्ट सांगितली आहे आणि तिथेच पब्लिलियसचं नाव घेतलं आहे. हजरजबाबीपणामुळे त्याला स्वातंत्र्य मिळालं, तो माइम नावाची लोकनाट्यं लिहू आणि करू लागला. इ.स.पू. 46 मध्ये सीझरसमोरच्या स्पर्धेत तो पहिला आला. हरलेल्यांत डेसिमस लॅबेरियस हा साठीचा मानकरी सरदार होता. सीझरनेच त्याला रंगमंचावर उतरायला भाग पाडलं होतं, आणि उतरल्याबरोबर त्याचा सरदारी दर्जा गेला. सीझरने मग पाच लाख सेस्टर्स आणि सोन्याची अंगठी देऊन तो परत केला. एका दुपारी एक माणूस वर गेला, एक खाली आला, आणि दोन्ही एकाच हाताने झालं.

या पब्लिलियसचं वाक्य आहे, नशीब काचेचं असतं, चमकतं तेव्हाच फुटतं. त्याच शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, त्याच्याच मुलखाकडे, फुंकणीने काच फुगवायची कला निघाली. काच त्याने जवळून पाहिली असणार, असं मला आपलं वाटतं.

दोघांपैकी खरा कोण, असं मी ठरवणार नाही. पण ॲपियसचं वाक्य त्याने स्वतःविषयी म्हणावं. ज्याची नोकरी दुसऱ्याच्या सहीने गेली त्याच्या डोक्यावर ते टांगणं मला क्रूर वाटतं.

रोमला गेले तेव्हा लार्गो अर्जेंटिना चौकात मी बराच वेळ कठड्याशी उभी होते. रस्त्याच्या पातळीच्या खाली जुन्या देवळांचे अवशेष आहेत. त्यातलं गोल देऊळ ‘आजच्या दिवसाच्या भाग्यदेवी’चं, असं अभ्यासक मानतात. उद्याच्या नव्हे, कायमच्या नव्हे, आजच्या. कॅट्युलस या सेनापतीने इ.स.पू. 101 मध्ये व्हर्सेलीच्या रणांगणावर ते नवसाने बोललं होतं. त्या दिवशी त्याच्या जोडीला लढत होता मारियस. चौदा वर्षांनी सत्ता मारियसच्या हाती आली तेव्हा कॅट्युलससाठी लोक रदबदली करायला गेले. मारियसचं एकच उत्तर : त्याने मेलंच पाहिजे. कॅट्युलसने खोलीत कोंडून घेतलं, कोळसे पेटवले आणि गुदमरून प्राण दिला. त्याने नवस फक्त त्या एका दिवसाचा बोलला होता. त्या कठड्याशी मला ही देवी पहिल्यांदा कळली. तुमच्या अकरा जणांना नवं काम मिळालं की कळवा, मी वाट पाहते आहे.

प्रश्न : माझी मुलगी गेली. एकतीस वर्षांची होती, चार महिने झाले. नातेवाईक म्हणतात, तू एवढी वाचणारी, रोमन लोकांसारखं धीरानं घे. मला जमत नाही. मी कमी पडते आहे का?

उत्तर : नाही, बाई, तुम्ही कमी पडत नाही. तुमचं पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं, लिहायला हात होईना.

ज्या रोमन धीराविषयी तुम्हाला सांगितलं जातं, तो असतो एमिलियस पॉलससारख्यांचा. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याला हरवून तो परतला. विजयाच्या मिरवणुकीच्या पाच दिवस आधी त्याचा एक मुलगा गेला, मिरवणुकीनंतर तीन दिवसांनी दुसरा. एक चौदा वर्षांचा, एक बारा. मोठे दोन आधीच दुसऱ्या घराण्यांत दत्तक दिलेले. त्याने लोकांसमोर उभं राहून सांगितलं, एवढ्या यशानंतर भाग्य उलटणार हे मी ओळखून होतो, ते उलटायचं तर माझ्या घरावर उलटो, रोमवर नको, अशी मी प्रार्थना केली होती. कैदी पर्सियसची मुलं जिवंत आहेत आणि विजेत्याचं घर रिकामं आहे. हे भाषण मी वर्गात वाचायची, तेव्हा मुलं चिडीचूप होत.

पण माझ्या वहीत त्याच्या समोर सिसेरो आहे. इ.स.पू. 45 च्या फेब्रुवारीत त्याची मुलगी टुलिया बाळंतपणानंतर गेली. तिशी नुकती ओलांडलेली, तुमच्या लेकीच्याच वयाची. तो साठीचा. दुःखावर जे जे लिहिलेलं मिळालं ते सगळं त्याने वाचून काढलं, स्वतःचं सांत्वन करणारं पुस्तक स्वतःच लिहिलं, आणि ॲटिकस या मित्राला कळवलं, की दुखणं सगळ्या सांत्वनाला पुरून उरतं. समुद्रकाठी अस्तुरा इथल्या घरी जाऊन राहिला. तिथून लिहितो, सकाळी दाट, खडबडीत रानात शिरतो, तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. पुस्तकांशी बोलतो, पण मध्येच रडू येतं. जमेल तेवढं आवरतो, अजून पुरा पडत नाही.

त्याचा मित्र सर्व्हियस सल्पिशियस, मोठा कायदेपंडित, तेव्हा ग्रीसचा सुभेदार होता. त्याने अथेन्सहून पत्र पाठवलं. गलबतातून येताना मला मागे इजिना दिसलं, पुढे मेगारा, उजवीकडे पायरियस, डावीकडे कॉरिंथ. एकेकाळची भरभराटीची शहरं, आता ढिगारे. शहरांची प्रेतं अशी पडली असताना एका माणसाच्या मरणाचं आपण एवढं का करावं? पत्र सुंदर आहे, मनापासून लिहिलेलं आहे. तुमचे नातेवाईकही तुम्हाला मनापासूनच सांगत असतील.

सिसेरोने त्याला लिहिलं, सर्व्हियस, तू इथे असतास तर बरं झालं असतं. मग तो नाव घेऊन पॉलसचाच दाखला देतो : ज्याने सात दिवसांत दोन मुलगे गमावले, त्याला निदान त्याचं सार्वजनिक जीवन उरलं होतं. माझं ते सगळं गेलं आहे. सीझरच्या राज्यात न्यायसभा त्याच्यासाठी बंद झाल्यासारखीच होती. बाहेरून थकून यायचो तेव्हा जिच्याकडे जाऊन बोलावं आणि सगळे ताप विसरावे, अशी एकच जागा होती, आणि आता तीही नाही.

तोही रोमनच होता. आणि लोकांना धीराने घ्या असं पत्रांतून शिकवणारा सेनेकासुद्धा, ल्युसिलियस या मित्राला न रडण्याचा उपदेश करता करता मध्येच कबूल करतो, की माझा जिवलग अॅनियस सेरेनस गेला तेव्हा मी स्वतः आवरेनासा रडलो.

तुमच्या पत्रात मुलीचं वय आहे, आजाराचं नाव आहे, तारीख आहे. ती कशी होती ते नाही. कशावर हसायची, तुमच्याशी कशावरून वाद घालायची, फोनवर पहिलं वाक्य काय असायचं, ते मला लिहून पाठवा. छापण्यासाठी नको, पाकिटावर ‘खासगी’ असं लिहा. पत्र लांबलं तरी चालेल.